जवळून लागणारी चावी

बस. ती चावी इकडे दे आधी.

गाडीच्या पडद्यावर काय येतंय म्हणालास? चावीचा सेल कमी झालाय. आणि वर म्हणतोस, चालेल की काका अजून महिनाभर. तुझ्या बापाचंही असंच होतं, चपलेचा अंगठा तुटला तरी तशीच फरफटत न्यायचा. मला फक्त एक सांग, गाडी उघडते कुठून सध्या? पूर्वी जिन्यातून बटण दाबलं की उघडायची ना? आणि आता पार दाराला खेटून उभं राहावं लागतं. हं.

नाही रे, रागावत नाही. देतो बदलून. सेल आहे माझ्या खिशात. आणि तू अशी बघू नकोस गं, बरोबर आहे तुझं, माझ्याकडे गाडी नाही. सायकलसुद्धा गेल्या वर्षी विकली. तरी गेली दोन वर्षं हा गोल सेल खिशात असतो. का असतो ते सांगतो. तेवढा मोबाईल उपडा ठेव, तो उजेड डोळ्यांत जातो. आणि मधे मधे बोलायचं नाही. मला तंद्री तुटलेली चालत नाही.

आणखी एक. मी भूतबित मानत नाही. अख्खी नोकरी रात्रपाळीची बस चालवली, ओसाड रस्त्यांवरून, एकदाही कुठलं भूत हात करून आडवं आलं नाही. भेटले ते सगळे दारुडेच. आणि ही गोष्ट माझ्या बाबतीत झालेलीही नाही. पक्कडच्या बाबतीत झाली.

पक्कड म्हणजे आमचा चावीवाला. आगाराच्या भिंतीला लागून त्याचं दुकान आहे, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास बाहेरच ठेवून यावा, एवढं. खरं नाव त्याचं त्यालाही आठवत नसेल. एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, म्हणून पक्कड. मी निवृत्त झाल्यापासून रोज तिथे जाऊन बसतो, कारण तुमच्या काकूने सांगितलंय, दिवसभर माझ्या पायात पायात येऊ नका.

पूर्वी तो नुसत्या चाव्या कापायचा. आता गाड्यांच्या रिमोटच्या चाव्या करतो. सेल बदलायचा, बटणं बदलायची, हरवली तर नवी बनवून गाडीशी जुळवून द्यायची. हात एकदम हलका. तोंड मात्र जड. गिऱ्हाईक जरा टेबलावर वाकलं की ओरडलाच म्हणून समज. 'सेल बदलताना गिऱ्हाईकाने बाहेर थांबायचं.' तशी पाटीच लावलीय त्याने. एकदा एका वकिलाला बाहेर काढलं होतं, तो काळा कोट घालून उन्हात उभा.

आणि दुसरी खोड. नवा सेल घालायच्या आधी तो सुईने त्यावर महिन्याचा आकडा कोरतो आणि खाली एक बारीकशी फुली. लोक सहा सहा महिन्यांनी येऊन म्हणतात ना, परवाच तर टाकला होता तुमच्याकडून. मग हा चावी उघडतो आणि आकडा दाखवतो. भांडायला जागाच ठेवत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये एक पोरगा आला. उंच, हसरा, केस कपाळावर. बापाने नवीकोरी नव्हे, पण चांगली गाडी घेतली होती, तिची एक चावी ह्याच्याकडे असायची. आला तो सरळ टेबलावर वाकला. पक्कड खेकसला. पोरगा मागे सरकत म्हणाला, "काका, सेल बदलताय की ऑपरेशन करताय?" मी चहा पीत होतो, मला ठसकाच लागला. पक्कडने तिरसटपणे सेलवर तीनचा आकडा कोरला, फुली मारली, घातला आणि चावी त्याच्या हातावर आपटली. पोरगा हसत गेला. झालं. एवढंच.

मग ऑक्टोबरच्या अखेरीला एक गृहस्थ आले. दवाखान्यात कंपाउंडर होते, आयुष्यभर पुड्या बांधलेला माणूस, सगळं कसं घडी घालून. चावीसुद्धा रुमालात गुंडाळून आणली होती. म्हणाले, चावी बिघडलीय. रात्री गाडी आपोआप उघडते. दिवे दोनदा लागतात, टक टक आवाज येतो, दारं उघडतात.

पक्कड म्हणाला, बटण अडकलं असेल. चावी उघडली, साफ केली, सेल बदलला, दिली. चार दिवसांनी कंपाउंडर परत. उघडतेच आहे म्हणे. आता हा पेटला. त्याच्या हातची चावी परत आली म्हणजे त्याच्या वर्मावर बोट. त्याने चावीतला सेलच काढून टाकला, चावी आपल्या खणात ठेवली, खणाला कुलूप. म्हणाला, आता बघू कशी उघडते ती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला गेलो तर कंपाउंडर पायरीवर बसलेले. दाढी वाढलेली. "काल पण उघडली," म्हणाले.

पक्कड म्हणाला, "मग दुसरी चावी कुणाकडे आहे? दोन येतात गाडीबरोबर."

"मुलाकडे."

"मग त्याला विचारा की. इथे काय माझं डोकं खाताय?"

कंपाउंडरांनी रुमालाची घडी घातली. परत उलगडली. परत घातली.

"मुलगा जूनमध्ये गेला," म्हणाले.

गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे, पाण्याने भरलेली. मित्रांबरोबर पोहायला गेला होता. गाडी काठावर उभी केली, चावी चड्डीच्या खिशात, आणि मारली उडी. तिसऱ्या दिवशी सापडला. चावी काही सापडली नाही. घरातल्या चावीने गाडी उघडून घरी आणली आणि अंगणात लावली, ती तिथेच आहे. बाप चालवत नाही. विकवतही नाही.

तेव्हा मला तो पोरगा आठवला. ऑपरेशनवाला. मी पक्कडकडे बघितलं, त्यालाही आठवला होता. मान खाली घालून तो उगाच कानस पुसत बसला.

कंपाउंडर बोलत राहिले. पहिल्यांदा दिवे लागायचे तेव्हा त्यांनी बाहेर येऊन बघितलं होतं, रस्त्यावर कोपऱ्यापर्यंत कुणी नसायचं. फाटक बंद. वाटलं, गाडीतच काही बिघाड असेल. मग सप्टेंबरपासून सकाळी फाटकाची कडी काढलेली दिसायला लागली. आणि ह्या आठवड्यात अंगणातल्या फरशीवर, गाडीच्या मागच्या दाराजवळ, पावलं. ओली. अनवाणी.

"मी पुसून टाकतो," म्हणाले. "आमच्या हिने बघायच्या आत."

आता पक्कडचं डोकं एकदा कामात शिरलं की तोंड आपलं आपण बोलतं. कानस पुसता पुसता तो म्हणाला, "सेल उतरत चाललाय, दुसरं काय. नवा असतो तेव्हा कोपऱ्यावरून लागते चावी. उतरला की जवळ यावं लागतं. आधी फाटकाशी, मग गाडीशी, मग तर पार दाराला..."

आणि त्याने कानस खाली ठेवली.

बाहेर एक बस मागे घेत होते, कंडक्टर पत्र्यावर थापा मारत होता, तेवढाच आवाज.

मग कंपाउंडरांनी विचारलं, "आणि सेल पुरता संपल्यावर?"

पक्कडने उत्तर द्यायला नको होतं. पण दिलं. "मग गाडी उघडत नाही. मग माणूस घराचं दार वाजवतो."

आता ऐका, त्या माणसाला स्वतःची भीती नव्हती. तो म्हणाला, माझा मुलगा आहे, येऊ दे की, मला काय खाणार आहे? भीती होती ती बायकोची. त्या वहिनी शिवणकाम करायच्या. मशीन पुढच्या खिडकीत, खिडकीसमोर अंगण, अंगणात गाडी. मुलगा गेल्यापासून मशीनला हात लावला नव्हता. रात्रभर खिडकीशी. पहिल्यांदा नुसत्या बघायच्या. मग दाराशी जायला लागल्या. मग पायरीवर. आणि आदल्या रात्री गाडी उघडल्यावर त्या जाऊन मागच्या सीटवर बसल्या, उजाडेपर्यंत. हात लावला तर हात बर्फ. म्हणाल्या, थोडं थांबला असता तर मी गेले असते त्याच्याबरोबर.

"एक गेला," कंपाउंडर म्हणाले. "ती पण जाईल. मला ती हवीय हो. काहीतरी करा."

करण्यासारखं एकच होतं. हे बघ, गाडीच्या पोटात नोंद असते, आपल्या चाव्या किती. पक्कडकडे मशीन आहे, स्टिअरिंगखाली जोडलं की आकडा दाखवतं. एखादी चावी हरवली तर सगळ्या नोंदी पुसायच्या, आणि ज्या चाव्या ठेवायच्या त्या एकेक करून सुरू करायच्या बटणाला टेकवायच्या. टेकवली की मोजली. जी हजर नाही, तिला गाडी विसरते. मग ती दाबून दाबून बोटं झिजली तरी गाडी ओ देत नाही.

दिवसाढवळ्या पुसून मोकळा झाला असता तर मी आज ही गोष्ट सांगत नसतो. पण पक्कड कसला. म्हणाला, आधी मी स्वतः बघणार. शेजारच्या कुणाच्या रिमोटने उघडत असली तर पुसून उपयोग काय?

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. अमावस्या वगैरे काही नव्हती, चांगलं टिपूर चांदणं होतं. मी म्हटलं, मी पण येतो. तो म्हणाला, नको, तू घोरतोस. तेव्हा इथून पुढचं मी बघितलेलं नाही. त्याने सांगितलेलं आहे. पण पक्कडला गोष्ट रंगवून सांगता येत नाही, त्याला साधा विनोदसुद्धा सांगता येत नाही. म्हणून मला ते खरं वाटतं.

रात्री दहाच्या सुमाराला तो पोचला. वहिनींनी चहा केला. कप ठेवताना म्हणाल्या, "पुसायला आलात ना भाऊजी?"

पक्कड कपात बघत राहिला.

"सगळे विसरायला लागलेत त्याला. मित्र येत नाहीत. नातेवाईक विषय बदलतात. आता गाडीनेसुद्धा विसरायचं का?"

कंपाउंडर म्हणाले, "अगं..."

वहिनींनी मूठ उघडली. मुठीत सेल. नवा, पाकिटातला. "हाच लागतो ना त्या चावीला? मी दुकानात विचारून आणलाय. त्याला एवढंच हवंय भाऊजी. लहानपणापासून तसाच, काही संपलं की आईकडे यायचा. दिला की जाईल." आणि मग अगदी साधेपणाने म्हणाल्या, "किंवा मला घेऊन जाईल."

पक्कड चहा तसाच सोडून उठला.

अंगणात येऊन गाडीत बसला. पुढे, ड्रायव्हरच्या जागेवर. घरातली चावी सोबत, तिच्यात सेल परत घातलेला. मशीन जोडलं. आकडा आला, दोन. कंपाउंडर फाटकाशी उभे, पाठ लावून, जसं काही पाठीने अडवणार होते. वहिनी खिडकीत. रस्त्यावरचा दिवा सरळ गाडीवर. सगळं स्वच्छ दिसत होतं.

वाट बघितली. बारा वाजून गेले. काही नाही. कुठे खट्ट नाही. पक्कडला वाटलं, आज काही होत नाही, आता पुसावं आणि घर गाठावं. त्याने पुसायचं बटण दाबलं.

आकडा आला, शून्य.

घरातली चावी सुरू करायच्या बटणाला टेकवली. टक. आकडा आला, एक.

मशीन विचारतं, आणखी चावी आहे का? हो की नाही. 'नाही' म्हटल्यावरच जुन्या चाव्या कायमच्या जातात. पक्कडने बोट 'नाही'वर नेलं.

आणि दिवे लागले. दोनदा.

त्याने फाटकाकडे बघितलं. कंपाउंडर तिथेच. फाटक बंद. पण कंपाउंडर फाटकाकडे बघत नव्हते. गाडीकडे बघत होते. मागच्या दाराकडे.

दार उघडलं.

गाडी मागच्या अंगाला जराशी खाली दबली. कुणी बसलं की दबते, तशी.

दार लागलं.

वास आला. शेवाळाचा. साठलेल्या पाण्याचा. पक्कड म्हणतो, मान वळवायची इच्छा होती, मान वळली नाही. आरशात बघायचं म्हटलं तर डोळे वर जाईनात. नुसता समोर बघत बसला. समोर ते सुरू करायचं गोल बटण.

आणि बटण ओलं झालं.

त्याच्या डोळ्यांदेखत. थेंब आला. ओघळला. खाली त्याच्या गुडघ्यावर पडला. गार...

मशीनवर आकडा आला.

दोन.

आणि गाडीच्या पडद्यावर ती अक्षरं. चावीचा सेल कमी आहे.

...

वहिनी बाहेर आल्या होत्या. कधी आल्या, कळलं नाही. कंपाउंडर जागचे हलले नाहीत, हलताच येईना असं ते नंतर म्हणाले. वहिनी गाडीपाशी आल्या, मागच्या दाराच्या दांडीला हात लावला, आणि रोजच्या आवाजात, जेवायला बसताना म्हणावं तसं म्हणाल्या,

"सरक बाळा. मी बसते."

आतून सीटवर काहीतरी सरकलं.

पक्कड म्हणतो, तेव्हा मला कळलं की ही बाई आत बसली तर संपलं. ही गाडी आता ज्याच्या चावीने सुरू होईल तो तिला घेऊन खाणीकडे जाणार. आणि मी पण आत आहे. काय करावं सुचेना. तोंडातून देवाचं नावही निघेना. आणि निघालं ते काय? दुकानातलं. वीस वर्षांची सवय.

"वहिनी, सेल बदलताना गिऱ्हाईकाने बाहेर थांबायचं."

वहिनी थांबल्या.

"सेल मी बदलतो. माझं काम आहे ते. तुम्ही बाहेर थांबा. द्या तो सेल इकडे."

काय वाटलं त्यांना कोण जाणे. दांडीवरचा हात निघाला. त्या पुढे आल्या, गाडीच्या उघड्या काचेतून मूठ आत केली, आणि सेल त्याच्या हातात ठेवला. त्यांचा हात गरम होता. पक्कडला त्या गरम हाताने धीर आला म्हणतो. त्याने पाकीट फाडलं. सुई शर्टाच्या खिशाला असतेच. तिथेच, गुडघ्यावर धरून, त्याने सेलवर अकराचा आकडा कोरला. खाली फुली. का कोरला? अरे, कोरल्याशिवाय त्याने आयुष्यात सेल दिलेला नाही.

मग सेल तळहातावर ठेवला, आणि हात खांद्यावरून मागे केला. मान न वळवता.

"जुना इकडे दे," म्हणाला. "नवा घे. अधिकची खूण वर ठेवायची."

काही नाही...

हात मागे. तळवा उघडा. खांदा भरून आला.

काही नाही...

मग तळव्याला गार लागलं. बोटं होती का? म्हणतो, माहीत नाही. ओलं होतं. हलकंसं. सेल उचलला गेला. आणि त्याच जागी दुसरं काहीतरी ठेवलं गेलं. त्याने मूठ मिटली.

मागे बारीक आवाज झाला. चावी उघडून परत मिटताना होतो तो. हजारो वेळा ऐकलेला.

पडद्यावरची अक्षरं गेली.

आणि मग पक्कड, हा तिरसट माणूस, ज्याने आयुष्यात कधी कुणाच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, तो समोर बघत बोलला. हे सांगताना तो माझ्यासमोर रडलाय, म्हणून मी सांगतोय. म्हणाला, "आता लांबून लागेल, बाळा. जवळ यायला नको. आईला झोपू दे. ती इथेच राहू दे. बाबांना कुणी नाही दुसरं."

किती वेळ गेला कोण जाणे.

दार उघडलं. गाडी वर आली. दार लागलं.

कंपाउंडरांच्या बाजूने फाटकाची कडी निघाली. त्यांनी बाजूला होऊन जागा दिली. स्वतःच्या अंगणात, मध्यरात्री, कुणी पाहुणा निघाला की देतात तशी.

गाडीचे दिवे लागले, दोनदा. कुलूप लागलं. थोड्या वेळाने परत, दोनदा. उघडलं. मग बराच वेळ शांत. वहिनी कोपऱ्याकडे बघत उभ्या. आणि मग परत एकदा दिवे लागले. कुलूप.

"कोपऱ्यावरून लागतंय," वहिनी म्हणाल्या. आणि फरशीवर बसून हंबरडा फोडला. जूननंतर पहिल्यांदा. कंपाउंडर त्यांच्याशेजारी बसले. पक्कड आत तसाच, दारं बंद, मूठ मिटलेली.

सकाळी तो दुकानात आला तेव्हा मी होतोच. त्याने मूठ टेबलावर उघडली. बोटं सरळ होईनात, मी एकेक करून सोडवली. आत सेल होता. गंजलेला, हिरवट. पक्कडने फडक्याने पुसला, भिंगाच्या दिव्याखाली धरला आणि मला म्हणाला, बघ. मी बघितलं. तीनचा आकडा. खाली फुली.

मी अजूनही भूत मानत नाही. पण तो आकडा माझ्यासमोर कोरला होता त्याने. चहाचा ठसका लागला होता मला.

ती नोंद त्याने पुन्हा पुसली नाही. कंपाउंडरांना तसं सांगितलं, ते म्हणाले, राहू दे. वहिनी आता झोपतात. मशीन सुरू झालंय, तुमच्या काकूचे दोन ब्लाउज त्यांनीच शिवलेत. महिन्यातून एखाद्या रात्री अंगणात दिवे लागतात, दोनदा. रस्ता रिकामा, फाटक बंद, फरशी कोरडी. वहिनी अंथरुणातूनच खिडकीकडे बघतात, 'पोचला' म्हणतात आणि कूस बदलतात.

तो जुना सेल पक्कडने टाकला नाही. बाटलीच्या एका झाकणात घालून फळीवर ठेवलाय, चाव्यांच्या मागे. दोन वर्षं तिथे आहे. आणि मी खिशात एक नवा ठेवायला लागलो, असू दे म्हणून. चांगला सेल दोनेक वर्षं जातो, हे मलाही आता कळतं.

हे घे. झाली तुझी चावी. इथून दाब. उघडली ना? झालं तर मग.

आता कोणता महिना चाललाय रे? नोव्हेंबर. तेच.

आज सकाळी मी दुकानात गेलो तर पक्कड फळीसमोर उभा. मला बघून बाजूला झाला. फळी कोरडी, भिंत कोरडी, छप्पर कोरडं. आणि झाकण पाण्याने काठोकाठ भरलेलं, सेल तळाशी. त्याने नवा सेल काढला, सुईने अकराचा आकडा कोरला, फुली मारली, खिशात टाकला. संध्याकाळी लवकर कुलूप लावून कंपाउंडरांच्या घराकडे गेला. अजून त्याचा फोन नाही.

मी त्या पाण्यात बोट बुडवून बघितलं होतं. साबणाने चार वेळा धुतलंय दिवसभरात. हे बघ, अजून शेवाळाचा वास येतोय.